‘नंतर’ नावाचं फोल्डर

गॅसवर दोन पातेली होती. एकात चहा आणि दुसऱ्यात खळ. पुस्तकं बांधणाऱ्या बाईच्या घरात ही सकाळची नेहमीची जोडी, आणि चुकीच्या पातेल्यात साखर टाकायची नवऱ्याची सवयही लग्नाइतकीच जुनी.

“अगं, यातलं पिण्याचं कुठलं?” त्याने चष्मा पुसत विचारलं.

“ज्यात चमचा उभा राहत नाही ते.”

“तुझ्या चहाचा भरवसा नाही, म्हणून विचारलं.”

बाई हसल्या नाहीत. खळ ऐन गाठी धरायच्या बेतात होती, आणि अशा वेळी त्या कुणालाच दाद देत नसत. बाहेरच्या खोलीत लाकडी प्रेसखाली तीन जाडजूड शब्दकोश दाबून ठेवलेले, खिडकीच्या कट्ट्यावर कापड लावलेले पुठ्ठे वाळत पडलेले, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे खळीचा थेंबही सांडायचा नाही असा घरात कायदा होता, तिथे कॉम्प्युटर. सगळी गल्ली त्यांना बाइंडरबाई म्हणे. नवरा मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेला. आता तो लोकांच्या मीटरांऐवजी बायकोचा पारा वाचत असे, आणि त्यात सहसा चुकत नसे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल महिनाभर मुकी होती.

दारात पस्तिशीची एक बाई उभी. छातीशी लॅपटॉपची पिशवी अशी घट्ट धरलेली, जसं आत तान्हं मूल असावं.

“काकू, बाइंडरबाई आपणच ना? आपण मला ओळखणार नाही. मी गुरुजींची सून.”

बाईंच्या हातातला पळा तसाच राहिला. गुरुजी एकच. त्या घरातलं कुणीतरी या उंबऱ्यावर येऊन उभं राहावं, याची त्या पाच वर्षं वाट पाहत होत्या. मनात त्यांनी तो प्रसंग शंभरदा रंगवला होता. त्यात अंगावर इस्त्रीचे कपडे असत, हातात पळा नसे आणि ओठांवर एकेक वाक्य तयार असे. आता नेमकी वाक्यं गेली आणि पळा राहिला.

“ये पोरी, आत ये,” नवरा म्हणाला. “त्या खुर्चीवर नको बसू, तिथे एका पुस्तकाची पाठ वाळतेय.”

गुरुजी म्हणजे छपाईच्या शाळेत बांधणी शिकवणारे जुने शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी बांधणीवाल्यांची एक मेलिंग लिस्ट काढली होती. एक पत्ता, त्या पत्त्यावर लिहिलं की चारशे जणांना पोचणार. कुणी विचारी, चामड्याला बुरशी आली, काय लावू? कुणी विचारी, जुन्या वहीचा दोरा कुजलाय, कुठून उसवू? दिवसाला वीस-पंचवीस पत्रं. फक्त एक रीत होती. प्रत्येक पत्र आधी गुरुजींकडे जाई. ‘अमक्याने हे लिहिलंय, सोडू का?’ अशी सूचना त्यांना येई, ते मंजूर करत आणि मगच ते सगळ्यांना मिळे. शिक्षकी पिंड. वर्गात हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही.

बाई सुरुवातीपासून त्या लिस्टवर होत्या आणि गुरुजींना मानतही होत्या. त्यांचं बिनसलं ते मोरचुदावरून. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालावं, असं गुरुजींनी लिहिलं. बाईंनी चारशे जणांसमोर उत्तर दिलं की घालू नये, वीस वर्षांनी कागद तपकिरी होऊन भुगा होतो, माझ्याकडे अशी सात पुस्तकं आहेत, कुणाला बघायची असतील तर या. हे पत्र गुरुजींनी मंजूर केलं, पण गिळताना घशाला लागलं असणार.

तो बुधवार. त्याच आठवड्यातल्या शनिवारी सकाळी, बाई बावीस वर्षं ज्या ग्रंथालयाचं काम करत होत्या, तिथल्या ग्रंथपालबाईंनी लिस्टवर घाईघाईने लिहिलं. तळघरात पाइप फुटला, चित्रांची आणि नकाशांची तीनशे बारा पुस्तकं चिंब भिजली, काय करू? गुरुजींनी सांगितलं, उघडून उन्हात ठेवा. बाईंनी दहा मिनिटांत लिहिलं, अजिबात ठेवू नका. कागद चकचकीत आहे, वाळला की पानं एकमेकांना धरतील आणि पुस्तकाची वीट होईल. ओली आहेत तोवरच शीतगृहात नेऊन गोठवा, मग सवडीने एकेक सोडवता येईल. पाठवून त्या निवांत झाल्या.

फोन का नाही केला? नंबर तर पाठ होता. हा प्रश्न नवऱ्याने एकदाच विचारला आणि नंतर कधीही विचारला नाही, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मोरचुदाच्या पाठोपाठ हेही चारशे जणांनी वाचावं, असं बाईंना वाटलं होतं. तेवढाच एक हौसेचा क्षण, पण तो आजही टोचत होता, आणि आपल्याला टोचतंय म्हणून त्या गुरुजींवर दुप्पट जळत होत्या.

ते पत्र लिस्टवर आलंच नाही. तीनशे बारा विटा झाल्या. सोमवारी ग्रंथपालबाई म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एक शब्द कळवला नाहीत?” बाईंनी आपल्या कॉम्प्युटरवरची पाठवलेल्या पत्राची प्रत दाखवली. ग्रंथपालबाईंनी गुरुजींना फोन करून विचारलं. गुरुजींनी चारशे जणांना उत्तर दिलं: ‘माझ्याकडे असं कोणतंही पत्र आलेलं नाही. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलं की तारीखही मागे जाते. वेळेला गप्प बसायचं आणि मागाहून शहाणपण मिरवायचं, हे कारागिराला शोभत नाही.’

खोटारडी. शब्द तो नव्हता, अर्थ तोच होता. ग्रंथालयाचं काम बंद झालं. बाईंनी खुलासा लिहिला, तोही आला नाही. मग दुसरा लिहिला, तोही नाही. तेव्हा बाईंनी डूख धरला. लिहिणं सोडलं, लिस्ट सोडली नाही.

मेलमध्ये नियम लावता येतात, हे त्या स्वतःच शिकल्या. अमुक पत्त्यावरून आलेलं पत्र अमुक फोल्डरमध्ये आपोआप जावं, असं एकदा सांगून ठेवलं की झालं, मशीन विसरत नाही. सुरुवातीला धडपडल्या. ‘टाके’ हा शब्द असेल ते पत्र बांधणीच्या फोल्डरमध्ये टाक, असा नियम लावला. ननंदेचं ऑपरेशन झालं होतं, तिने टाके काढल्याचं कळवलं, ते बिचारं पत्र पुस्तकांच्या टाक्यांमध्ये जाऊन पडलं. ननंद महिनाभर फुगून बसली. तेव्हापासून बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: नियम शब्दावर लावू नये, पत्त्यावर लावावा.

मग लिस्टची सगळी पत्रं एका फोल्डरमध्ये, त्यात चामडं वेगळं, कापड वेगळं, बुरशी वेगळी. गुरुजींसाठी स्वतंत्र खोली. त्यांचं पत्र आलं की नियमाने थेट तिथे. रोज जेवणं उरकली की बाई ती पत्रं वाचत आणि हाताने पुढच्या तीन फोल्डरांत लावत. दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणून सांगितलेलं ते ‘उचललेलं’. स्वतःची आरती ओवाळलेली ते ‘टेंभा’. आणि चुकीचा सल्ला दिलेला ते ‘चूक’. प्रत्येक चुकीला वहीत कारण लिहिलेलं, पुराव्यासकट.

“एवढी सेवा माझी केली असतीस तर मी तरुण झालो असतो,” नवरा म्हणे.

“तुमच्या चुका एका फोल्डरमध्ये मावायच्या नाहीत.”

गुरुजींचा कुठे सत्कार झाला की त्या दिवशी ‘चूक’ हे फोल्डर चारशे जणांना धाडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. उट्टं काढायचं तर भर मांडवात.

आणि आता ही सून.

“काकू, लिस्ट बंद पडली,” ती चहाचा कप तसाच धरून म्हणाली. “ती ज्या कंपनीची होती ना, तिने सेवाच गुंडाळली. परवा बाबा बघायला गेले तर काही नाही. अकरा वर्षांची पत्रं गेली. बाबा सगळ्या पत्रांचं एक पुस्तक करताहेत, बांधणी शिकणाऱ्यांना फुकट द्यायला. सगळं तिथे आहे म्हणून त्यांनी स्वतःकडच्या प्रती केव्हाच पुसून टाकल्या होत्या. दहा-बारा जणांना फोन केले. सगळे म्हणतात, आम्ही वाचून टाकून देतो, पण बाइंडरबाई काही टाकत नाहीत, त्यांच्याकडे असेल.”

इतकं गोड बाईंना गेल्या पाच वर्षांत काही लागलं नव्हतं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “एकूण एक.”

सुनेचे डोळे भरून आले. “मग मला...”

“गुरुजी कुठेत?”

“खाली गाडीत. आले, पण वर यायला तयार नाहीत. म्हणाले, तूच जा. आणि गुडघे पण... एकोणऐंशीचे आहेत, काकू. तीन जिने.”

“येऊ देत हळूहळू. मला घाई नाही.”

“अगं, म्हातारा माणूस,” नवरा हळूच म्हणाला.

“अहो, जिन्याला कठडा आहे. जा, आणा त्यांना.”

नवऱ्याने पारा वाचला आणि मुकाट्याने चपला घातल्या. बाईंनी हात धुतले, दोनदा पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला.

“कंपनी सूचना दिल्याशिवाय बंद करत नाही,” त्या म्हणाल्या. “महिनाभर आधी कळवते. ते पत्र कसं नाही आलं तुमच्याकडे?”

“नाहीच आलं. मी इनबॉक्स तीनदा चाळला.”

“त्यांची मेल उघड. मेल नव्हे, नियम दाखव. कुठे जाऊन काय पडतं ते.”

सुनेला नियम कुठे असतात हेच माहीत नव्हतं. बाईंना होतं. खालून जिन्यावर काठीचा आवाज यायला लागला होता. ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक.

गुरुजींच्या मेलमध्ये एकच नियम होता. पत्रात कुठेही हे नाव आलं तर ते पत्र ‘नंतर’ या फोल्डरमध्ये टाकावं, वाचलेलं समजावं आणि पुढे दाखवू नये. नाव बाइंडरबाईंचं होतं. आडनावासकट.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. पत्ता नव्हे, नाव! ननंदेच्या टाक्यांची चूक. पण ही नुसती चूक कुठे होती? बाईंच्या नावाची पत्रं तर अडली होतीच, पण ‘या बाईंनी लिहिलंय, सोडू का?’ ही सूचनाही त्यात गेली. कुणी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं, तेही गेलं. फोल्डर उघडलं. चारशे सहा पत्रं. सगळ्यात वरचं महिन्यापूर्वीचं, कंपनीचं: ‘सेवा बंद होत आहे, आपली पत्रं उतरवून घ्या. सोबत आपल्या सभासदांची यादी.’ यादीत बासष्टावं नाव बाईंचं.

म्हणजे ज्या नियमाने त्यांचं तोंड बंद केलं, त्यानेच म्हाताऱ्याची अकरा वर्षं खाल्ली होती. बाईंना हसू फुटलं. सून घाबरून बघायला लागली.

“काकू, काय झालं?”

“काही नाही गं. तुझ्या सासऱ्यांनी मला चांगलंच गाडलं, आणि खड्डा खणताना स्वतःची पिशवी आत विसरले.”

मग त्या खाली खाली गेल्या. पाच वर्षं खाली. आणि ते होतं. शनिवार, सकाळी नऊ चाळीस. ‘बाइंडरबाईंनी हे लिहिलंय, सोडू का?’ आणि खाली त्यांचं पत्र, जसंच्या तसं. *ओली आहेत तोवरच गोठवा.* वेळ त्यांच्या घड्याळाची नव्हती, गुरुजींच्या मेलची होती.

दारात गुरुजी आले. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला नवरा. बाईंनी त्यांना कधी जवळून पाहिलं नव्हतं. मनातल्या गुरुजींपेक्षा हे बरेच बुटके निघाले, त्याचाही बाईंना राग आला. इतक्या वर्षांचा वैरी जरा धिप्पाड नको?

“पाणी?” नवऱ्याने विचारलं.

“नको. बाई, मला ठाऊक आहे, आपलं काही बरं नाही. पण हे काम माझं एकट्याचं नाही...”

“आधी हे वाचा.” बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी खिशातून दुसरा चष्मा काढला आणि वाचलं. मग तारीख वाचली. मग पुन्हा पत्र. ओठ हलत होते.

“हे... मी पाहिलंच नाही हो.”

“पाहिलं नाहीत हे खरं. पाहायचं नाही असं ठरवलंत, हेही खरं. हा बघा तुमचा नियम.”

सून म्हणाली, “बाबा, हे तुम्ही केलंत?”

गुरुजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मोरचुदाचं तुम्ही चारचौघांत काढलंत. चाळीस वर्षं शिकवलं होतं मी ते. रात्रभर डोळा लागला नाही. म्हटलं, दोन दिवस ही बाई डोळ्यांपुढे नको. नंतर शांतपणे वाचू. म्हणून ‘नंतर’.”

“दोन दिवस.”

“लावलेला नियम विसरलो. तो आपला चालूच राहिला.”

“तो विसरला नाही. मशीन आहे ते,” बाई म्हणाल्या. “पण ‘घड्याळ मागे करते’ हे मशीनने नाही लिहिलं. ते तुम्ही लिहिलंत. मला एकदा विचारलंही नाहीत.”

नवरा खिडकीशी जाऊन पुठ्ठे उलटे करू लागला. त्यांना उलटायची काहीच गरज नव्हती.

बाईंचं अजून भागलं नव्हतं. त्यांनी आपला कॉम्प्युटर सुरू केला आणि पडदा गुरुजींना दिसेल असा वळवला. “तुमची अकरा वर्षं इथे आहेत. आणि ही तुमची खास खोली. उचललेलं, एकशे दहा. टेंभा, दोनशे. आणि हे चूक, त्रेसष्ट. सत्काराच्या दिवशी सगळ्यांना पाठवणार होते.”

गुरुजी वाकून बघू लागले. पहिलं उघडलं, शेजारी ठेवलेल्या वहीतलं कारण वाचलं. दुसरं, तिसरं. बाई त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी कोसळायची वाट पाहत होत्या.

“हे बरोबर आहे तुमचं,” गुरुजी पुटपुटले. “सरसाचं प्रमाण मी उलटं लिहिलंय. हे पुस्तकात जाता कामा नये. आणि हे बघ गं सूनबाई, चामड्याचं, हेही काढायला हवं. बाई, या वहीची मला नक्कल मिळेल?”

पाच वर्षं धार लावलेली तलवार, आणि म्हाताऱ्याने ती पेन्सिलीला टोक करायला मागितली होती. नवऱ्याच्या खोकल्यात हसू होतं, ते बाईंनी बरोबर ओळखलं आणि डोळे वटारले.

“नक्कल मिळेल,” त्या शेवटी म्हणाल्या. “पत्रंही मिळतील, मी लावलीत तशीच. फोल्डरांची नावंही बदलायची नाहीत. ‘टेंभा’सुद्धा.”

“मान्य,” गुरुजी म्हणाले. “माफी मागायला आलो नव्हतो, पण आता मागायला हवी. सांगा, कशी मागू? सगळ्यांना लिहू? पुस्तकात छापू?”

शंभरदा रंगवलेल्या प्रसंगात इथे बाईंकडे केवढं तरी लांबलचक भाषण होतं. चारशे जणांपुढे, भर मांडवात. पण त्या चारशे जणांसाठीच तर फोन राहिला होता. तळघरातून पोत्यात भरून नेलेल्या त्या विटा, आणि सोमवारी दारात उभ्या ग्रंथपालबाई, दुखावलेल्या, बावीस वर्षांची ओळख एका मिनिटात पुसून टाकणाऱ्या. खोटारडी ठरणं बाईंना सोसलं नव्हतं ते त्या एकीपुढे.

त्यांनी लॅपटॉप पुन्हा गुरुजींच्या पुढ्यात सरकवला.

“माफी राहू द्या. हे पत्र आत्ता, तुमच्या मेलवरून, ग्रंथपालबाईंना पाठवा. वरची तारीख आणि वेळ तशीच ठेवा. आणि खाली तुमच्या हाताने एक ओळ लिहा, की हे मला त्याच दिवशी आलं होतं.”